एव्हियरीतले (मोठ्या पक्षीघरातले) फिंच: कोणाला नोंदणी लागते, कोणाला नाही

"परदेशी पक्षी आहे साहेब, कागदबिगद काही लागत नाही." दुकानात हे ऐकलं की माझं डोकं तडकतं. फिंच (दाणे खाणारे छोटे पक्षी) हा एकच पक्षी नाही. त्यात काहींना खरंच काही लागत नाही, जावासारख्याची सरकारकडे नोंदणी सक्तीची आहे आणि काही घरात ठेवणं हाच गुन्हा आहे.

आधी गुन्ह्याचं बोलू. लाल मुनिया, ठिपकेवाली मुनिया हे आपल्या माळरानातले पक्षी. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार ते पकडणं, विकणं, पाळणं बंद आहे आणि हौसेसाठी परवानाही मिळत नाही. बाजारात त्यांनाच हिरवा-गुलाबी रंग फासून 'फॉरेनचे' म्हणून विकतात. नीट बघा: रंग डागाडागांनी बसलेला असतो, पायांच्या खवल्यांत आणि चोचीच्या कडेलाही लागलेला असतो. दया येऊनसुद्धा विकत घेऊ नका, त्या पैशावर पुढची खेप पकडली जाते. महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

झेब्रा, बंगाली, गोल्डियन हे फिंच: नोंदणी नाही. पावती मात्र घ्याच.

आता जावा. लोक चुकतात ते इथेच, मीही चुकलो. जावा स्पॅरो हा फिंच साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने ती यादी आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आली. पाठोपाठ २८ फेब्रुवारी २०२४ ला नोंदणीचे नियम निघाले. आधीपासून पक्षी असणाऱ्यांना सहा महिने दिले होते, ती मुदत संपली. आता पक्षी हातात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर अर्ज करायचा, तो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. पांढरा, सिल्व्हर, फॉन, कुठल्याही रंगाचा असो, जावा तो जावाच. "पांढऱ्याला लागत नाही" हे साफ खोटं आहे.

माझ्याकडे दोन जोड्या होत्या आणि पावतीवर फक्त 'पक्षी, ४ नग'. अर्जाला बसलो तेव्हा कळलं की पक्षी कुठून आला हे दाखवायला माझ्याकडे काहीच नाही. दुकानात तीन चकरा मारल्यावर नीट पावती मिळाली, तीही पुस्तकात जुनी नोंद सापडली म्हणून. त्यामुळे माझा नियम पक्का आहे: पावतीवर जात, संख्या, तारीख आणि विकणाऱ्याचं नाव-पत्ता नसेल तर पक्षी तिथेच सोडून यायचा. शास्त्रीय नावही लिहून घ्या. जुन्या पुस्तकांत पड्डा ओरिझिव्होरा सापडेल, अनुसूचीत लोंचुरा ओरिझिव्होरा आहे. पक्षी एकच, पण अर्जात अनुसूचीतलंच नाव टाका.

पायात बंद रिंग असलेलाच जावा घ्या, असं मी आग्रहाने सांगतो. ही अखंड रिंग पिल्लू काही दिवसांचं असतानाच पायात सरकते, मोठ्या पक्ष्याला घालताच येत नाही. पक्षी पिंजऱ्यातच जन्मला याचा इतका चांगला पुरावा दुसरा नाही. रिंगचा नंबर पावतीवर घ्या.

नोंदणी झाली म्हणजे सुटलात असं नाही. पिल्लं झाली, पक्षी मेला, मित्राला एक जोडी दिली, सगळं पोर्टलवर कळवावं लागतं. मी एव्हियरीच्या दारालाच वही टांगली आहे. घरट्यात पिल्लाचा आवाज आला की त्याच दिवशी तारीख लिहितो.