विंडोज नव्याने टाकताना आपली मराठी-कन्नड कागदपत्रे कशी जपावीत

संगणक सारखा अडकू लागला किंवा सुरूच होईनासा झाला, की त्यावर विंडोज नव्याने टाकावे लागते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपल्यामुळे चालू स्थितीतल्या अनेक संगणकांवरही ही वेळ आली आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतल्या मराठी घरांत, शाळांत आणि पतसंस्थांत असलेल्या संगणकांत सभांची इतिवृत्ते, गावोगावच्या साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, जमिनीच्या कन्नड उताऱ्यांच्या स्कॅन प्रती आणि दोन्ही भाषांत केलेले अर्ज साठलेले असतात, आणि त्यांतल्या कित्येकांची कागदी प्रत कोठेही उरलेली नसते. म्हणून फॉरमॅट मारण्याचा निर्णय घेण्याआधी संगणकात नेमके काय आहे आणि ते कोठे आहे, हे शांतपणे पाहावे.

येथे सर्वाधिक दगा जुन्या फॉन्टमुळे होतो. युनिकोड, म्हणजे कोणत्याही संगणकावर अक्षरे तशीच दिसावीत यासाठीची समान पद्धत, रुळण्यापूर्वी, आणि छपाईच्या कामात त्यानंतरही, मराठी मजकूर श्री-लिपी किंवा आयएसएम या सॉफ्टवेअरांतून आणि कन्नड मजकूर नुडी किंवा बरहामधून टाइप केला गेला. अशा फायलीतली अक्षरे प्रत्यक्षात रोमन चिन्हे म्हणून साठवलेली असतात आणि तो विशिष्ट फॉन्ट असेल तेव्हाच ती मराठी किंवा कन्नड दिसतात. फाइल सुखरूप राहिली पण फॉन्ट गेला, तर पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरांच्या ओळी उमटतात. आपली फाइल कोणत्या प्रकारची आहे हे ओळखण्यासाठी तिच्यातली एक ओळ कॉपी करून ब्राउझरच्या शोधपट्टीत चिकटवावी. ती मराठीच राहिली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे, आणि ‘ÉÊ’ अशा चिन्हांचा गोंधळ दिसला तर तो जुन्या फॉन्टमधला आहे. तसे असल्यास तो फॉन्ट शोधून फायलींसोबतच ठेवावा. बहुतेक फॉन्ट सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरातल्या फॉन्ट्स या फोल्डरात असतात. मात्र केवळ एका वापरकर्त्यासाठी टाकलेले फॉन्ट त्याच्या ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरात राहतात आणि तेथे सहसा कोणी पाहत नाही. महत्त्वाच्या फायलींची पीडीएफ प्रतही तयार करावी, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट सामावला गेला की ती फाइल दुसऱ्या संगणकावरही तशीच दिसते.

त्यानंतर बाकीची माहिती गोळा करावी. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स हे फोल्डर सर्वांच्या लक्षात असतात. टॅलीच्या हिशेबाचे फोल्डर, आउटलुकची ईमेल साठवणारी फाइल आणि ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड मात्र राहून जातात. टॅलीचा डेटा कोणत्या मार्गावर आहे हे कंपनी निवडण्याच्या पडद्यावरच दिसते, आणि टॅलीचा परवाना आधी सरेंडर करून ठेवल्यास पुढे तो पुन्हा सुरू करणे सोपे जाते. वनड्राइव्ह वापरत असल्यास ज्या फायलींपुढे ढगाचे चिन्ह आहे त्या या संगणकावर नाहीत, एवढे ध्यानात असू द्यावे. हे सारे बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करावे आणि मग ती हार्डडिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून वेगवेगळ्या फोल्डरांतल्या काही फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. ही तपासणी होईपर्यंत बॅकअप झाला असे मी मानत नाही.

संगणक सुरूच होत नसेल, तरी धीर सोडू नये. दुसऱ्या संगणकावर उबंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून संगणक सुरू करावा, ‘ट्राय उबंटू’ हा पर्याय निवडावा आणि हार्डडिस्कवर काहीही न टाकता फायली बाहेर कॉपी कराव्यात. डिस्क बिटलॉकर या विंडोजमधील सुरक्षा सोयीने कुलूपबंद असेल, तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ही की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. ती आधीच कागदावर उतरवून घ्यावी, कारण तिच्याविना ती माहिती कोणालाही वाचता येत नाही.

प्रत्यक्ष विंडोज टाकताना सर्वांत सौम्य उपाय आधी करावा. विंडोज चालू असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (विंडोज टाकण्यासाठीची संपूर्ण प्रत) उतरवून तिच्यातली सेटअप फाइल चालवावी आणि वैयक्तिक फायली व ॲप दोन्ही ठेवण्याचा पर्याय निवडावा. आयएसओची भाषा आधीच्या विंडोजशी जुळत नसेल तर हा पर्याय मिळत नाही. एवढ्याने भागले नाही, तर ‘रीसेट धिस पीसी’मधील ‘कीप माय फाइल्स’ वापरावे. त्यात आपल्या फायली राहतात, पण बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअरे जातात. तेथील ‘क्लाउड डाउनलोड’ला ४ जीबीहून अधिक डेटा लागू शकतो, त्यामुळे मोबाइलच्या इंटरनेटवर काम चालवणाऱ्यांनी ‘लोकल रीइन्स्टॉल’ निवडावे.

डिस्क पूर्ण पुसून विंडोज टाकणे हा शेवटचा उपाय होय. त्यासाठी किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो आणि तो तयार करताना त्यावरचे सर्व पुसले जाते. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा भाग, निवडण्याच्या पडद्यावर सी, डी ही ओळखीची अक्षरे दिसत नाहीत, क्रमांक आणि आकार दिसतात. म्हणून आधी विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट या साधनात प्रत्येक पार्टिशनचा आकार पाहून लिहून ठेवावा, आणि बॅकअपची हार्डडिस्क संगणकापासून काढूनच हे काम सुरू करावे. घाईत डी ड्राइव्ह पुसला जातो तो याच पडद्यावर. जुने पार्टिशन न पुसता त्यावरच विंडोज टाकले, तर आधीच्या फायली ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरात जातात; ते फोल्डर साधारण १० दिवसांनी आपोआप काढले जाते, तेव्हा त्यातले हवे ते लगेच बाहेर घ्यावे. खानापूरकडच्या पावसात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर अशा दिवशी यातले कोणतेही काम हाती घेऊ नये. लॅपटॉप असला तरी तो चार्जरला जोडलेलाच असावा.

नवे विंडोज सुरू झाल्यावर आधी जपून ठेवलेले फॉन्ट टाकावेत आणि मगच जुन्या फायली उघडाव्यात. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही कीबोर्ड जोडावेत. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही पर्याय विंडोजमध्येच आहेत, वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केल्यास डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते, म्हणून नवी रिकव्हरी की त्याच दिवशी लिहून घ्यावी. टॅलीचे हिशेब, जुने अर्ज आणि स्मरणिकांच्या फायली एकेक करून उघडल्या जाईपर्यंत बाहेरच्या हार्डडिस्कवरचे काहीही पुसू नये.