एलईडी पार लाइट लावताना या चुका टाळा

पार म्हणजे स्टेजवर रंगीत उजेड टाकणारी डब्यासारखी लाइट. जुनी हॅलोजनची ‘पार 64’ एक हजार वॉटची असायची. पाच मिनिटं चालली की डबा असा तापायचा की चुकून बोट लागलं तर कातडी निघायची. त्या चटक्यानं लाइटवाल्या पोरांना आपोआप शिस्त लागली होती: हातमोजे, जाड वायर, उतरवायच्या आधी थांबणं. आताची 54 एलईडीची पार कुणीही एका हातानं उचलतं, अर्धा तास चालली तरी फार तर कोमट लागते, आणि मग सगळे सैल सुटतात. पण तिच्या मागे येणारा करंट तोच आहे, 230 व्होल्टचा.

सोलापुरात गणपती, नवरात्र, आंबेडकर जयंती, संक्रांतीची गड्डा यात्रा, मधेच हुतात्मा स्मृती मंदिरातलं एखादं गॅदरिंग. अशा कार्यक्रमांत ज्या चुका पुन्हा पुन्हा बघतो, त्या सांगतो. काही मी स्वतःही केल्यात.

तिसरी पिन

मंडपात बोर्ड दोन वायरीचा असतो आणि लाइटच्या टॉपला, म्हणजे प्लगला, पिना तीन. मग पोरगं जाड पिन तोडतं, नाहीतर वायरी सोलून काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात खोचतं. लाइट लागते, काम झालं! पण पारच्या आतल्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टर असतो, तो थोडा करंट बॉडीकडे सोडतोच. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात आणि टेस्टर पेटतो. "लाइट पास होतीय ओ मालक", म्हणजे करंट मारतेय, म्हणून ती बदलायला आणतात, पण बऱ्याचदा लाइटमध्ये काहीच दोष नसतो. झिणझिण्यांनी माणूस मरत नाही, हे खरं. पण त्याच लाइटच्या आत उद्या फेजची वायर बॉडीला टेकली, तर लाइटा टांगायचा अख्खा लोखंडी सांगाडा, म्हणजे ट्रस, जिवंत होईल, आणि त्याला टेकून हातात माइक घेतलेला गायक उभा असेल. तीन वायरीची एक्स्टेंशन, जमिनीत ठोकलेला अर्थिंगचा रॉड आणि पुढे 30 मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच), एवढं झाल्याशिवाय मी लाइट चालू करत नाही. आरसीसीबी पडायला लागली म्हणून तिला बायपास करणारे वायरमनही पाहिलेत. ती पडते म्हणजे काहीतरी सांगते आहे. एकेक लाइट काढत जा, दोषी सापडते.

न्यूट्रल

सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. थ्री फेज जनरेटरवर एका मंडळाचा कार्यक्रम होता. न्यूट्रलची वायर नुसती पिळून टेप मारलेली, आणि ते मी तपासलं नाही. ऐन आरतीला ती सुटली. न्यूट्रल गेला की दोन फेजांमधलं 400 च्या आसपासचं व्होल्टेज लाइटांमध्ये वाटलं जातं आणि ज्या फेजवर लोड कमी, तिच्या वाट्याला जास्त येतं. त्या बाजूच्या सहा पार फटाके फुटावेत तशा एकापाठोपाठ गेल्या. तेव्हापासून न्यूट्रलला थिमला (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) आणि घट्ट बोल्टच. जनरेटर चालू करून मीटरवर व्होल्टेज बघायचं, तो स्थिरावला की मगच लाइटांचे स्विच, तेही एकदम नाही. एलईडीचा सप्लाय चालू होताना क्षणभर करंटचा मोठा झटका ओढतो. वीस लाइटा एका स्विचवर घेतल्या, तर लोड कमी असूनही एमसीबी पडते ती त्यामुळेच.

जुन्या सभागृहात विंगेतलं सॉकेट हॅलोजनच्या डिमरवरून (व्होल्टेज कमी करून उजेड उतरवणारं यंत्र) आलेलं असू शकतं. त्यावर एलईडी लावू नका. ती फडफडते, गुणगुणते आणि एक दिवस बंद पडते. तिला पूर्ण 230 व्होल्ट द्या, उजेड कन्सोलवरून, म्हणजे लाइटा चालवायच्या बटणा-पट्ट्यांच्या बोर्डवरून, कमी-जास्त करा.

"लाइट येडी झालीय"

हा फोन मला सगळ्यात जास्त येतो. दहापैकी नऊ वेळा लाइट शहाणी असते, डीएमएक्सची, म्हणजे कन्सोलचे हुकूम लाइटांपर्यंत नेणाऱ्या लाइनीची, जोडणी चुकलेली असते.

बाजारात मिळणारा 192 चॅनलचा स्वस्त कन्सोल प्रत्येक लाइटसाठी 16 चॅनल (लाल, हिरवा, मोड अशा एकेका कामाचा एकेक नंबर) राखून ठेवतो. तर पहिल्या लाइटचा सुरुवातीचा चॅनल नंबर म्हणजे अ‍ॅड्रेस 1, दुसरीचा 17, तिसरीचा 33. लाइट आठ चॅनलची आहे म्हणून पोरं 1, 9, 17 देतात आणि मग दोन नंबरच्या बटणावर तीन नंबरची लाइट नाचते. तोच कन्सोल चालू होताना ब्लॅकआउटमध्ये असतो, म्हणजे सगळ्या लाइटा बंद ठेवतो. ब्लॅकआउटचं बटण दाबलं नाही म्हणून तासभर वायरी तपासणारे लोक मी पाहिलेत, आणि पहिल्यांदा तो माणूस मीच होतो.

लाल-हिरव्याची पट्टी वर केली तरी लाइट आपल्याच नादात रंग बदलत असेल, तर मोडच्या चॅनलची पट्टी शून्यावर आहे का बघा. सगळी रांगच लुकलुकत असेल, तर मधली एखादी लाइट ऑटो किंवा साउंड मोडवर राहिलेली असते. ती स्वतःच मास्टर होऊन हुकूम सोडते. एका लाइनीत दोन मुकादम!

वायरीबद्दल सांगायचं तर माइकची केबल चार लाइटांपर्यंत चालून जाते, लांब अंतरावर दगा देते. डीएमएक्सची केबल घ्या, लाइटीतून लाइटीत न्या, वाय जोड करून फाटे फोडू नका, एका लाइनीवर 32 पेक्षा जास्त लाइटा नकोत. शेवटच्या लाइटीत टर्मिनेटर लावा, म्हणजे एक्सएलआरच्या (केबलच्या टोकाच्या गोल प्लगच्या) 2 आणि 3 नंबरच्या पिनांमध्ये 120 ओहमचा रेझिस्टर. पाच-दहा रुपयांच्या या वस्तूनं अर्धे रोग जातात.

टांगणं आणि ताप

क्लॅम्प कितीही घट्ट असला तरी स्टीलची सेफ्टी वायर वेगळी हवी, आणि ती ट्रसभोवती घेऊन लाइटला अडकवलेली, नुसती लाइटच्या हँडलभोवती नव्हे. बांबूला सुतळीनं बांधलेली लाइट दिसली तर मी खाली उभा राहत नाही. स्टँडच्या पायांवर वाळूची पोती.

एलईडीची उष्णता मागच्या बाजूनं बाहेर पडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, आणि मागे मंडपाचा पडदा चिकटलेला. लाल एलईडी तापली की तिचा उजेड बाकीच्यांपेक्षा जास्त उतरतो, म्हणून रात्री दहाला पांढरा रंग निळसर-हिरवा दिसायला लागतो. मागे वीतभर जागा सोडा. टॉवेल-चादरीच्या कारखान्यात कार्यक्रम असेल तर फॅनमध्ये सुताचा भुसा साचतो, घरी आल्यावर ब्रशनं काढा, अर्थात प्लग काढून. पावसात लाइटला प्लॅस्टिकची पिशवी घालू नका, आत वाफ धरते. उघड्यावर आयपी 65 ची, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारी, लाइट घ्या.

स्ट्रोब, म्हणजे झपाझप लुकलुकणारा उजेड, सेकंदाला तीन-चार वेळांपेक्षा वेगानं नको, फिट येणारं कुणी समोर बसलेलं असू शकतं. निळ्या उजेडात मरून इरकल काळं दिसतं, ते आधी लावून बघा.

दुसऱ्या दिवशी मंडळाचा अध्यक्ष मोबाइल दाखवून म्हणतो, "व्हिडिओत पट्टे आलेत बघा." ते पट्टे एलईडी फार वेगानं चालू-बंद होते त्यामुळे येतात. कॅमेऱ्याचं शटर पन्नासावर (1/50 सेकंद) ठेवून आणि लाइट पूर्ण उजेडावर ठेवून परत शूट करायला सांगा. बहुतेक वेळा जातात.