फ्लॉवरपॉट कोरल जगवायचा तर आधी त्याला जेवायला घाला

दगडाच्या गोळ्यातून लांब देठांवर शेकडो फुलं बाहेर आलेली आणि सगळी पाण्याबरोबर डोलणारी, कुंडीत शेवंती फुलावी तशी. हा गोनिओपोरा, म्हणजेच फ्लॉवरपॉट कोरल, एक दगडी प्रवाळ; ती फुलं म्हणजे त्याचे इवलेसे जीव. तो दुकानात पाहिला की हात खिशाकडे जातोच. माझाही गेला होता. पहिला आठव्या महिन्यात मेला, दुसरा सातव्या. तिसऱ्याला आता सहा वर्षं होत आली आणि तो मुठीएवढा होता तो नारळाएवढा झालाय. या तिन्ही वेळी समुद्री पाण्याची टाकी तीच होती, दिवे तेच होते. फरक कशाने पडला ते सांगण्यासाठीच हा लेख. एरवी मीठ कसं कालवायचं, आरओ-डीआय (गाळून सगळे क्षार काढलेलं) पाणी का वापरायचं, हे तुम्हाला येतं असं मी धरून चालते. येत नसेल तर गोनिओपोरा अजून वर्षभर तरी घेऊ नका.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुण्याची मामेबहीण दर दिवाळीला ‘असा कोरल मीही आणू का?’ म्हणून विचारते. मी न्यू जर्सीत राहते. इथे टाकीत वाढवलेले तुकडे, म्हणजे फ्रॅग, रीतसर विकत मिळतात. भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. मालवणला बुडी मारून ‘छोटासाच तुकडा’ पिशवीत घालणं हा छंद नव्हे, गुन्हा आहे. तिथे ते पाण्यातच पाहावेत.

निवड

पहिला सल्ला: स्वस्त, हिरवट-तपकिरी, वाळूवर सुटा पडलेला लांब देठांचा गोळा घेऊ नका. तो बहुधा गोनिओपोरा स्टोक्सी असतो. निसर्गात तो गढूळ, अन्नाने भरलेल्या उथळ पाण्यात राहतो. आपल्या काचेसारख्या स्वच्छ टाकीत तो हळूहळू झिजतो. माझे दोन्ही मेले ते हेच. आखूड देठांचा लाल किंवा गुलाबी, टाकीत वाढलेला फ्रॅग घ्या. महाग पडेल, पडू द्या.

दुकानदाराला एवढंच विचारा की हा तुमच्याकडे किती दिवस आहे. महिन्याच्या आतला असेल तर ‘पुढच्या महिन्यात येते’ म्हणा. मग खालची बाजू दाखवायला सांगा. कडेला मांस मागे सरकून पांढरा सांगाडा उघडा पडला असेल, किंवा पोकळ दगडातून कुजका वास येत असेल, तर सवलत कितीही असो, परत ठेवा. फूल मोजून बघा: गोनिओपोराच्या प्रत्येक फुलाला २४ शुंडकं, म्हणजे पाकळ्यांसारखे दिसणारे हात, असतात. १२ भरली तर तो अल्व्हिओपोरा. दुकानात दोन्ही फ्लॉवरपॉट म्हणूनच विकतात. काळजी जवळपास सारखीच, फक्त आपण काय घेतोय ते आपल्याला कळलेलं बरं.

टाकीत ठेवणं

बाहेर काढण्याआधी पाणी हलवून फुलं आत मिटू द्या. फुगलेली फुलं पाण्याबाहेर आली की स्वतःच्याच वजनाने सांगाड्याच्या कडांवर फाटतात. डिप करा, म्हणजे औषधाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवा, खाली वाळूजवळ ठेवा, मध्यम प्रकाश द्या, फुलं डोलतील पण एका बाजूला झोपणार नाहीत इतपतच प्रवाह ठेवा. शेजारच्या कोरलपासून १५ सेंटिमीटर अंतर, डंख मारणाऱ्या हॅमर कोरलपासून त्याहून जास्त. तापमान २५ ते २६ अंश, खारटपणा विशिष्ट गुरुत्वाने १.०२५, अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (तिचं मोजमाप). झालं.

आठवडाभर उघडला नाही तर हात लावू नका. ‘उघडत नाही? जागा बदलून बघा’ हा सल्ला देणाऱ्याने एकही गोनिओपोरा वर्षभर जगवलेला नसतो. रोज जागा बदललेला कोरल रोज नव्याने घाबरतो.

जेवण

इथेच सगळे घसरतात. मीही घसरले.

मला सांगितलं होतं की कोरलच्या अंगात शेवाळ असतं, ते प्रकाशावर साखर बनवतं, त्यामुळे वेगळं खायला घालायची गरज नाही. अर्धं खरं आहे. साखर मिळते, पण नुसत्या साखरेवर अंग भरत नाही. गोनिओपोराला पाण्यातले बारीक जीव, भुकटी, विरघळलेलं पोषण हेही लागतं. माझ्या टाकीत तेव्हा नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. त्या शून्यांचा मला कोण अभिमान! फेसातून पाण्यातली घाण काढणारा स्किमर रात्रंदिवस चालू. एकादशीच्या घरात पाहुण्याला ठेवून घ्यावं तसं चाललं होतं.

आणि हा कोरल पटकन मरत नाही, हीच गोम आहे. सहा महिने तो साठवलेल्यावर काढतो. फुलं रोज उघडतात, म्हणून आपण निर्धास्त. प्रत्यक्षात देठ दर आठवड्याला जरासे आखूड होत असतात आणि रोज बघणाऱ्या डोळ्याला ते दिसत नाही. म्हणून दर रविवारी एकाच वेळी, काचेला पट्टी टेकवून फोटो काढा. माझ्या दुसऱ्या गोनिओपोराचे फोटो मी तो मेल्यावर ओळीने लावून पाहिले. चौथ्या महिन्यापासूनच त्याची उपासमार त्यात स्पष्ट दिसत होती.

आता मी करते ते असं. टाकीत नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास ठेवते. शून्य आलं तर आनंद मानत नाही, माशांचं खाणं वाढवते. दर तिसऱ्या दिवशी, दिवे चालू असताना, चिमूटभर बारीक प्लवक-भुकटी टाकीच्याच पाण्यात कालवून दहा मिनिटं भिजवते. कोरडी भुकटी नुसती तरंगते आणि ओव्हरफ्लोमधून, म्हणजे वरचं पाणी बाहेर जाण्याच्या वाटेने, निघून जाते. मग सगळे पंप आणि स्किमर बंद. टर्की बास्टरने (मांसावर रस सोडायची रबरी फुग्याची नळी; आमच्या शाकाहारी स्वयंपाकघरात ही वस्तू फक्त या कोरलसाठी आली) पाच-सहा सेंटिमीटर वरून हलकेच ढग सोडायचा. पिचकारी मारायची नाही. जोराने मारलं की सगळी फुलं मिटतात आणि मिटलेलं तोंड खात नाही.

अन्न पटलं तर थोड्याच वेळात शुंडकं तोंडाकडे वळतात, फूल मूठ आवळल्यासारखं दिसतं. ते पाहिलं की समजायचं, जमलं. नुसतंच मिटलं आणि भुकटी घसरून पडली, तर अन्न जाड आहे. मायसिस कोळंबी घालू नका. मी घातली होती. या फुलांची तोंडं बारीक असतात. कोळंबी वर पडून राहिली आणि रात्री माझ्याच पाळलेल्या झिंग्याने ती काढण्यासाठी फुलं उचकटली. आजही खायला घालताना तो आला की मी त्याला दुसऱ्या कोपऱ्यात एक गोळी देते, लाच म्हणून.

पंधरा-वीस मिनिटांनी पंप चालू, स्किमर तासाभराने. पंप परत लावायला विसरू नका. फ्रिजवर टायमर चिकटवलाय मी.

सुरुवातीला हात आखडता ठेवा. पहिल्याच आठवड्यात भरभरून घातलं तर काचेवर शेवाळ चढतं, मग आपण घाबरून सगळं बंद करतो. दर आठवड्याला नायट्रेट-फॉस्फेट मोजत, महिन्याभरात हळूहळू वाढवा. मँगनीज आणि लोहाच्या बाटल्यांबद्दल बरंच बोललं जातं. आयसीपी चाचणीत, म्हणजे पाण्यातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या प्रयोगशाळेच्या तपासणीत, कमी दिसलं तरच मी थेंब घालते. जेवण न घालता थेंब घालणं म्हणजे भुकेल्याला टॉनिक पाजणं.

बिघडलं तर

क्लाउनफिश फुलांत घर करून लोळत असेल आणि कोरल मिटूनच राहत असेल, तर दोघांपैकी एकाची टाकी बदला. समजूत काढून उपयोग नाही.

अंगावर तपकिरी, चिकट, शेंबडासारखा थर दिसला तर त्याच मिनिटाला पंप बंद करा. तो थर उडाला तर शेजारच्यांनाही लागतो. माझा हॅमर असाच गेला. बारीक नळीने थर ओढून बाहेर टाका, कोरल वेगळ्या बादलीत न्या, निरोगी भागापासून सडका भाग कापा, आयोडीन डिप द्या आणि दोन आठवडे तिथेच ठेवा. दुसऱ्या दिवशी थर पुन्हा आला तर तो कोरल मुख्य टाकीत परत आणायचा नाही, कितीही जीव लागला असला तरी.

सगळं नीट चाललं तर दोन-तीन वर्षांनी काही जातींत कडेला छोटे गोळे सुटे होताना दिसतील. ती पिल्लं आहेत. ओढून तोडू नका. आपणहून पडली की उथळ वाटीत वाळू घालून त्यात ठेवा, नाहीतर गोगलगायी त्यांना रात्रीत दगडाखाली लोटतात.