आफ्रिका पाठ करू नका, आधी तीन रेषा ओढा

परीक्षेला आफ्रिका आहे म्हटलं की मुलं याद्या करायला बसतात. नद्या, वाळवंटं, सरोवरं, खनिजं. मी भूगोल शिकवते, आणि वर्गात अशी यादी फळ्यावर लिहीत नाही. आधी कोरा कागद घ्यायचा, खंडाचा आराखडा हाताने काढायचा. वाकडातिकडा आला तरी चालेल, पण स्टेन्सिल नको. किनारा हातातून गेला की तो लक्षात राहतो.

आता तीन आडव्या रेषा: कर्कवृत्त, विषुववृत्त, मकरवृत्त. या तिन्ही रेषा ज्याच्यावरून जातात असा हा एकच खंड आहे. उत्तर टोक साधारण ३७° उत्तर, दक्षिण टोक ३५° दक्षिण, त्यामुळे विषुववृत्त जवळजवळ मधोमध येतं. रेषा नेमकी कुठे ओढायची यासाठी खुणा धरा. कर्कवृत्त इजिप्तमधल्या नासर सरोवरावरून जातं, विषुववृत्त व्हिक्टोरिया सरोवराच्या उत्तर भागातून. मकरवृत्ताला लिंपोपो नदी दोनदा ओलांडते. काँगो नदी तशीच विषुववृत्त दोनदा ओलांडते.

मग कागदाची विषुववृत्तावर घडी घाला. माझा सगळा भर या घडीवर असतो. घडी उघडून दोन्हीकडे सारखेच पट्टे रंगवा: मधे गडद हिरवं, म्हणजे काँगोच्या खोऱ्यातलं सदाहरित जंगल, त्याच्या दोन्ही बाजूंना सवाना गवताळ प्रदेश, पुढे वर सहारा आणि खाली कालाहारी-नामिब, आणि दोन्ही टोकांना भूमध्य सागरी हवामान. अल्जियर्स आणि केपटाउन एकमेकांपासून इतके दूर, पण दोन्हीकडे पाऊस हिवाळ्यात पडतो.

असं का, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. विषुववृत्तावर हवा तापून वर जाते, थंड होते आणि जवळजवळ रोज पाऊस देते. तीच हवा २५° ते ३०° अक्षवृत्तांच्या आसपास खाली उतरते. उतरताना ती तापते, कोरडी होते, ढग बनू देत नाही. म्हणून तिथे वाळवंट. नामिबला आणखी एक कारण आहे: किनाऱ्यालगतचा थंड बेंग्वेला प्रवाह. ‘भौगोलिक कारणे लिहा’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर या चार वाक्यांत येतं.

एक जागा मात्र जपा. विषुववृत्तावर आहे म्हणून केनियाला गडद हिरवा रंग देऊ नका. पूर्व आफ्रिकेचं पठार उंच आहे, तिथे बराचसा भाग सवानाचा. ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो विषुववृत्तापासून फक्त तीन अंशांवर असूनही त्याच्या माथ्यावर बर्फ असतं. उंची अक्षवृत्ताचा नियम कसा बदलते याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

रंग भरून झाले की नाईल काढा, आणि ती दक्षिणेकडून उत्तरेकडे काढा. श्वेत नाईल व्हिक्टोरिया सरोवराकडून येते, नील नाईल इथिओपियातल्या ताना सरोवरातून, खार्टूमला दोघींचा संगम होतो. सहाऱ्यात पाऊस नाही, तरी तिथून एवढी मोठी नदी वाहते, कारण तिचं पाणी पावसाच्या पट्ट्यांतून आलेलं असतं. हे तुमच्या रंगवलेल्या कागदावर डोळ्यांना दिसेल.

पूर्व आफ्रिकेतल्या खचदरीसाठी, म्हणजे जमीन खचून बनलेल्या लांब दरीसाठी, वेगळा खटाटोप नको. टांगानिका आणि मलावी ही लांबट, अरुंद सरोवरं काढली की दरीची दिशा आपोआप कळते. देश चोपन्न आहेत. सगळे पाठ करू नका, तिन्ही रेषांवरचे आधी करा.

दुसऱ्या दिवशी तोच नकाशा पुस्तक मिटून काढा. जे राहिलं तेवढंच लाल पेनने भरा आणि परीक्षेच्या आदल्या रात्री फक्त लाल अक्षरं वाचा. पेपरात नकाशाला सूची द्यायला विसरू नका, आणि नदीचं नाव तिच्या प्रवाहाला लागूनच लिहा.