गल्लीत समुद्राची रेघ कशी मारायची

समुद्र वाढतोय हे सगळ्यांना माहितीये, पण २१०० पर्यंत इतके सेंटिमीटर असं पेपरात वाचलं की ते डोक्यावरून जातं, आणि तीच उंची आपल्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर दाखवली की सोसायटीच्या मीटिंगमध्ये लगेच आवाज चढतात. म्हणून सरळ रेघच मारा. ईव्ह मोशर नावाच्या कलाकार बाईंनी २००७ मध्ये न्यूयॉर्कला समुद्रसपाटीपासून १० फूट उंचीची रेघ रस्त्यारस्त्यातून मारली, जवळपास ७० मैल, मैदानात फक्की मारायचं असतं तसलं यंत्र ढकलत, आणि लोक थांबवून विचारायचे हे काय चाललंय, मग त्या उभ्या राहून समजावून सांगायच्या. २०१२ मध्ये सँडी वादळाचं पाणी शहरात शिरलं तेव्हा बऱ्याच ठिकाणी ते त्या रेघेच्या आसपासच पोचलं.

मुंबईत हे करायचं तर आधी एक घोळ मिटवायला हवा. पालिका सांगते आज ४.५ मीटरची भरती, म्हणजे समुद्रसपाटीच्या वर साडेचार मीटर नाही. भरतीचे आकडे अगदी खालच्या ओहोटीच्या आसपासच्या पातळीपासून मोजतात, आणि मुंबईची सरासरी समुद्रपातळी त्याच्या साधारण अडीच मीटर वर आहे. म्हणजे साडेचारची भरती सरासरीच्या दोनेक मीटर वर. पालिकेच्या नाल्यांच्या नकाशात तर टाऊन हॉल डेटम नावाचं तिसरंच माप असतं, ते यात मिसळलं की सगळं हिशोबाबाहेर जातं. आणि मोबाईलच्या जीपीएसवरची उंची अजिबात घेऊ नका, ती कित्येक मीटरने चुकते.

त्यापेक्षा समुद्रालाच विचारा. पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरचा एखाद-दुसरा दिवस धरा, उधाण तेव्हाच मोठं असतं, पण पावसाळा सोडून, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला वारा पडलेला दिवस बरा. भरतीची वेळ टाइड टेबलमध्ये, म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात मिळेल, नाहीतर कोळीवाड्यात कुणाही जुन्या तांडेलला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला विचारा, तिथीची पाऊणपट करून तोंडी सांगतील, पंचमीला पावणेचारच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हे गणित टेबलशी ताडून बघा, पोरांना विज्ञान यापेक्षा चांगलं कुठे शिकवणार?

आता जेट्टीवर लाटा असतात, त्यामुळे पाण्याची पातळी नेमकी दिसत नाही. दोन इंची पीव्हीसी पाईप घ्यायचा, खालच्या तोंडाला बूच, बुडाशी एक-दोन बारीक भोकं, आणि भरती चढायच्या आत तो जेट्टीच्या भिंतीला उभा घट्ट बांधायचा. बाहेर लाटा आपटत राहतात पण आतलं पाणी शांतपणे वर चढतं. खडू चोळलेली सुकी काठी आत बुडाला टेकेपर्यंत सोडा, बाहेर काढा, खडू जिथपर्यंत ओला झाला तिथपर्यंत पाणी. भरती टिपेला असताना पाणी थोडा वेळ जवळपास थांबलेलं असतं, तेवढ्यात दोन-तीनदा मोजून घ्या. मग काठी पाईपच्या बाहेरून बुडाच्या पातळीला लावून तीच खूण भिंतीवर उतरवा. माणसं मात्र दोघंतिघं हवीत, शेवाळावर एकट्याने वाकू नका.

पुढचं काम गवंड्याच्या लेव्हल पाईपचं. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, दहा-पंधरा मीटर, आत नीळ घातलेलं पाणी, बुडबुडा एकही नको. एकाने एक टोक खुणेपाशी धरायचं, दुसऱ्याने दुसरं टोक पुढच्या खांबाला लावायचं, दोन्ही तोंडं उघडी, पाणी थांबलं की दोन्हीकडची पातळी एक. हलताना अंगठ्याने तोंडं बंद करा नाहीतर पाणी सांडून सगळं परत. असं खांबाखांबाने गल्लीत यायचं आणि शेवटी फिरून पहिल्या खुणेवर परत जायचं. तिथे फरक दोन-चार सेंटिमीटरच्या आत असेल तर ठीक, जास्त असेल तर मधे कुठेतरी चुकलंय, पुन्हा करा.

समजा त्या दिवशीची भरती टेबलप्रमाणे ४.२ होती आणि वर्षातली सगळ्यात मोठी ४.८, तर तुमच्या खुणेच्या ६० सेंटिमीटर वर पहिली रेघ, आजच्या मोठ्या उधाणाची. तिच्यावर अर्ध्या मीटरवर दुसरी, एक मीटरवर तिसरी. हे अंतर हवेतलं नाही. आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलाचा अभ्यास करणारी संयुक्त राष्ट्रांची समिती, तिच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे १९९५ ते २०१४ च्या सरासरीच्या तुलनेत २१०० पर्यंत जगाची समुद्रपातळी, उत्सर्जन झपाट्याने कमी केलं तर २८ ते ५५ सेंटिमीटर, आणि ते खूप वाढतच राहिलं तर ६३ ते १०१ सेंटिमीटर वाढण्याची शक्यता आहे. अपोलो बंदरला समुद्रपातळीच्या नोंदी १८७८ पासून आहेत, म्हणजे मोजायची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे.

एक गोष्ट रेघेखाली लिहाच, की ही शांत पाण्याची पातळी आहे, लाट आणि पाऊस यात धरलेला नाही. भिंती, बांध आडवे आले तर पाणी इतकं आत येणारही नाही. पण उधाणात नाल्यांची तोंडं पाण्याखाली जातात आणि वरून पाऊस आला की पाणी बाहेर जायला वाटच नसते, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशीही मोठी भरती होतीच.

रंगाचं सांगायचं तर रस्त्यावर फक्की किंवा रांगोळी, भिंतीवर गेरू, आणि कायमची हवी असेल तर मालकाला विचारून ऑइलपेंट. हाताने काढलेली थोडी वाकडी अक्षरं चालतील, उंची चुकलेली चालणार नाही. कवट्या, बुडणारी माणसं काढू नका, घाबरलेला माणूस तोंड फिरवतो. आणि रेघ फक्त कोळीवाड्यात मारून थांबू नका हे मी हात जोडून सांगतो. वस्ती धोक्यात आहे, हलवा, असं म्हणायला लोक टपलेलेच असतात. तीच पातळी शेजारच्या टॉवरच्या गेटवर, बस स्टॉपवर, शाळेच्या भिंतीवर पण गेली पाहिजे.

मग डिझाइन. रेघ धरून घराघरात जा आणि तिच्याखाली काय काय आहे ते लिहून काढा. विजेचे मीटर, स्विचबोर्ड, पंपरूम, लिफ्टचा खड्डा, आणि सगळ्यात महत्त्वाची जमिनीखालची पाण्याची टाकी. खारं पाणी एकदा टाकीत शिरलं की अख्ख्या बिल्डिंगचं पिण्याचं पाणी गेलं. टाकीच्या तोंडाची कड दुसऱ्या रेघेच्या वर बांधून घ्या, मीटर वर सरकवा, गटाराच्या पाईपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं आत येऊ न देणारी झडप बसवा. रिडेव्हलपमेंट होणार असेल तर जोतं किती उंच हे आर्किटेक्टला रेघेसमोर उभं करून विचारा.

पावसाळ्यात साडेचारच्या वरच्या भरत्यांची यादी आली की त्या तारखांना गल्लीतल्या पोरांना कामं वाटून द्या, पाणी जिथवर आलं तिथला फोटो, रेघ आणि बाजूला धरलेली मोजपट्टी एकाच फ्रेममध्ये, खाली तारीख आणि वेळ. पाऊस होता की कोरडं उधाण होतं तेही लिहा. वॉर्ड ऑफिसात तक्रार द्यायची वेळ आली तर हेच फोटो लावा.