केदारनाथला जाताय? डोकेदुखी लपवू नका, आणि या चुकाही टाळा

केदारनाथच्या वाटेवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे, "काही नाही गं, जरा दगदग झाली." चढणीवरच्या लिंचोली या थांब्याच्या पुढे एखादी काकू कठड्यावर टेकलेली असते. चहाचा ग्लास हातात तसाच, बिस्किटाकडे बघवत नाही. मुलगी विचारते, "आई, डोकं दुखतंय का?" आई मान हलवते. आपल्यामुळे सगळ्यांचं दर्शन चुकेल, एवढीच तिची काळजी. या वाटेवरची सर्वांत धोकादायक चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल आधी लिहितो.

मंदिर ३,५८३ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब इतका कमी असतो की प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश इतकाच ऑक्सिजन मिळतो. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला वेळ लागतो, आणि आपल्याकडचे लोक नेमका तोच देत नाहीत. सकाळी मुंबई-पुण्याहून विमानाने देहरादून, रात्री गुप्तकाशी, दुसऱ्या दिवशी चढाई आणि संध्याकाळी मुक्काम थेट केदारपुरीत, म्हणजे मंदिराजवळच्या वस्तीत. गुप्तकाशी जेमतेम १,३०० मीटरवर आहे. म्हणजे एका दिवसात सव्वादोन हजार मीटरहून जास्त उंची गाठून आपण तिथेच झोपतो. मग डोकं ठणकतं, मळमळतं, जेवण जात नाही, झोप लागत नाही.

यावर उपाय म्हणजे एक दिवस जास्त काढणं. शक्य असेल तर आधी उखीमठमार्गे चोपत्याला एक रात्र राहा. ते सुमारे २,६०० मीटरवर आहे. नाहीतर चढताना लिंचोलीला मुक्काम करा. सुट्टी नाही, हे कारण मला पटत नाही. आयुष्यभर ज्या दर्शनाची वाट पाहिली, त्यासाठी एक रजा वाढवता येते.

डोकेदुखी सुरू झाली तर आणखी वर जाऊ नका. विश्रांती घ्या, घोट घोट पाणी प्या. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यातून फेस येत असेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. ताबडतोब खाली उतरवा. शंका असेल तर टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल जात असेल तर प्रकरण गंभीर आहे. वाटेत सरकारी वैद्यकीय मदत केंद्रं आहेत, तिथे नि:संकोच जा.

इथे कापराविषयी बोलायलाच हवं. प्रत्येक ग्रुपमध्ये भीमसेनी कापराची पुडी असते. वासाने तरतरी वाटते, हे खरं. पण रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. उलट बरं वाटल्याच्या भ्रमात माणूस आणखी वर जातो. छोट्या ऑक्सिजन कॅनचंही तेच, ती काही मिनिटांत संपते. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्ससारखी गोळी घ्यायची तर घरून निघण्याआधी डॉक्टरांना विचारून. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय नाहीच.

"आम्ही हेलिकॉप्टरने जाणार, आम्हाला काय त्रास?" हाही गैरसमज. पाय वाचतात, पण शरीराला उंचीची सवय व्हायला तेवढीही सवड मिळत नाही. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांनी तपासणी करूनच जावं. तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर काढा. व्हॉट्सॲपवर "कन्फर्म सीट" देणाऱ्याला पैसे पाठवले की बहुतेकदा ते गेलेच. यात्रेची नोंदणीही घरूनच करून ठेवा आणि तिची छापील प्रत जवळ बाळगा.

पायी चढाई जिथून सुरू होते त्या गौरीकुंडहून उशिरा निघणं ही आणखी एक नेहमीची चूक. २०१३ च्या जूनमधल्या प्रलयात रामबाड्याची वस्ती वाहून गेली आणि त्यापुढची वाट बदलली. आधीचे १४ किलोमीटर आता १६ ते १८ झाले आहेत. दुपारनंतर पाऊस गाठतो, अंधार पडतो. पहाटे चारला निघालेला माणूस रमतगमत पोहोचतो. दहाला निघालेला धावतो आणि आजारी पडतो. सोनप्रयागहून गौरीकुंडला जाणाऱ्या जीपसाठी रांग असते, तो वेळही धरा.

खेचर जवळून जात असेल तेव्हा दरीकडे नाही, डोंगराच्या बाजूला उभं राहा. घाईघाईत लोक उलटं करतात आणि ओझ्याचा एक धक्का पुरतो. खेचर किंवा कंडी (माणसाच्या पाठीवरची बसायची टोपली) घ्यायची तर नोंदणीच्या काउंटरवरूनच घ्या. जखमी, लंगडणाऱ्या जनावरावर कृपा करून बसू नका.

जीन्स नको, भिजली की वाळत नाही. रेनकोट, थर्मल, लोकरीची टोपी आणि वापरून मऊ झालेले बूट पुरेत. रोजची औषधं पाठीवरच्या सॅकमध्येच ठेवा, खेचरावर चढवलेल्या सामानात नकोत. उपाशीपोटी चढू नका, आणि वर पहाटे गार पाण्याने अंघोळीचा हट्ट धरू नका.

जलाभिषेक करायचा असेल तर सकाळची वेळ धरा. संध्याकाळी शृंगारदर्शन असतं आणि ते लांबूनच घ्यावं लागतं. हे माहीत नसल्याने संध्याकाळी पोहोचलेले कितीतरी जण हिरमुसतात.

घरातल्या ज्यांना चढणं खरोखरच झेपणारं नाही, त्यांना उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात न्या. भाऊबीजेला केदारनाथ मंदिराचं कपाट, म्हणजे दार, बंद झाल्यावर केदारनाथाची उत्सवमूर्ती तिथेच येते आणि हिवाळाभर पूजाही तिथेच होते. गाडी थेट उखीमठपर्यंत जाते.