पी०७०५ आला की लगेच सेन्सर काढू नका

ऑटोमॅटिक गाड्यांच्या कामात नव्याने उतरलेल्यांसाठी हे लिहितोय. स्कॅनर कुठे लावायचा, मल्टिमीटर कशावर ठेवायचा, वायरिंगचा नकाशा कसा वाचायचा, एवढं तुम्हाला येतं असं धरतो. विषय एकच, गिअर पोझिशन सेन्सर, आणि त्याच्या सर्किटमध्ये बिघाड झाला की स्कॅनरवर येणारा पी०७०५ हा कोड. कुणी त्याला रेंज सेन्सर म्हणतं, कुणी इनहिबिटर स्विच, कुणी न्यूट्रल स्विच. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचेच गिअर यंत्राने बदलणारी पद्धत; तिच्या अ‍ॅक्च्युएटरमधला पोझिशन सेन्सर हे निराळं प्रकरण आहे, त्याला इथे मध्ये आणू नका.

आधी एक गोंधळ मिटवतो. हा सेन्सर आत पहिला गिअर पडलाय की चौथा, हे सांगत नाही. चालकाने लिव्हर पी, आर, एन, डी यांपैकी कुठे ठेवलाय, एवढंच सांगतो. आत कोणता गिअर लागलाय ते कॉम्प्युटर इनपुट आणि आउटपुट शाफ्टच्या वेगावरून हिशेब करून काढतो. म्हणून पी०७३१, पी०७३२ असे गिअर रेशोचे कोड हातात घेऊन कुणी या सेन्सरच्या मागे लागला असेल तर त्याला तिथेच थांबवा. लिव्हर पी मधून हलतच नाही, ही तक्रारही बहुतेक वेळा याची नसते. ब्रेकचा स्विच आणि शिफ्ट लॉकचा सोलेनॉइड आधी बघा.

याच्या स्वतःच्या तक्रारी ओळखीच्या आहेत. डॅशबोर्डच्या मीटरवर भलतंच अक्षर दिसतं किंवा काहीच दिसत नाही, रिव्हर्स टाकला तरी मागचा पांढरा दिवा लागत नाही, गाडी एकाच गिअरमध्ये अडकून उचल घेत नाही. आणि सगळ्यात कामाची तक्रार म्हणजे पी मध्ये सेल्फ लागत नाही, पण एन मध्ये लागतो. एवढं एक वाक्य मिळालं तर बॅटरी, सेल्फ मोटर आणि रिले यांच्यावरचा बराचसा संशय एका दमात उतरतो. गाडीवाल्याला हे आवर्जून विचारा. पुष्कळदा त्याने ते स्वतःच शोधलेलं असतं, फक्त सांगायचं राहून गेलेलं असतं.

कोडचं म्हणाल तर पी०७०५ पासून पी०७०९ पर्यंतचं कुटुंब याचं. पी०७०७ म्हणजे सिग्नल खाली पडलाय, पी०७०८ म्हणजे वर चढलाय, पी०७०९ म्हणजे मधूनमधून तुटतोय, पी०७०६ म्हणजे सिग्नल येतोय पण पटत नाही. कोड सर्किटचा आहे, पार्टचा नाही. सेन्सर, कपलर (वायरींचा जोड), वायरी, अर्थ (ग्राउंड), सप्लाय आणि पलीकडचा कॉम्प्युटर, एवढे सगळे त्यात आले. तरी कोड वाचल्या वाचल्या सेन्सरची ऑर्डर देणारी माणसं मी रोज बघतो.

पी०७०६ आला तर माझा पहिला हात केबलला जातो. लिव्हर आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट यांच्यामधल्या केबलच्या टोकाला प्लास्टिकचं बुश असतं. त्याला खेळ पडला की आत लिव्हर पी वर आणि खाली शाफ्ट पी-आरच्या अधांतरी. सेन्सर बिचारा खरं तेच सांगतो आणि शिव्या मात्र तोच खातो. इंजिन बंद ठेवून एकाला लिव्हर हलवायला बसवा आणि खालून शाफ्टचा हात बघा. प्रत्येक पोझिशनला तो स्पष्ट खटक्यासह बसला पाहिजे. चाकांना ठोकळे लावल्याशिवाय हे करायचं नाही. केबलचा घोटाळा असेल तर मीटरवर किंवा लिव्हरवर पी दिसत असूनही आतला पार्किंगचा खटका पडलेला नसतो आणि गाडी अंगावर घरंगळते. यात कसलीही तडजोड नाही.

त्याआधी बॅटरी. उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करा. सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळलं की कॉम्प्युटर काहीबाही कोड टाकतो आणि आपण नसलेल्या भुतामागे धावतो.

आता तो सापळा. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण त्याने मला पुरतं दमवलंय. गाडी थंड असताना ठीक, तापली की पी मध्ये सेल्फ नाही, कोड पी०७०५. सेन्सरचा कपलर काढला, चावी ऑन केली, मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन कपलरच्या सप्लायला लावली. आकडा बारा व्होल्टच्या वर, अगदी छान. सप्लाय आहे, कोड आहे, म्हणजे सेन्सर गेला, हा हिशेब कुणालाही पटेल. नवा सेन्सर बसवला, गाडी चालली, सगळे खूश. मग गाडी तीच तक्रार घेऊन परत दारात.

इथे दोन गोष्टी एकदम फसवतात. पहिली मीटरची. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १ कोटी ओम असतो, म्हणजे तो वायरीतून जवळजवळ करंट घेतच नाही. समजा वायर आत सडलीय आणि तिच्यात १० ओमचा रोध तयार झालाय. मीटरच्या दृष्टीने ते १० ओम नगण्य, तो पूर्ण बारा व्होल्ट दाखवणार. वायरीचा एक धागा शाबूत असला तरी दाखवणार. आता त्याच वायरीवर २१ वॅटचा रिव्हर्सचा बल्ब लावा. त्याला पावणेदोन अँपिअर हवेत, पेटलेल्या बल्बचा रोध सातेक ओम. वायरीचे दहा आणि बल्बचे सात अशी वाटणी झाली की बल्बला पाचसुद्धा व्होल्ट धड मिळत नाहीत, तो मिणमिणतो. मीटर खोटं बोलला नाही. आपण त्याला रिकाम्या वायरीचं व्होल्टेज विचारलं, त्याने तेवढंच सांगितलं. लोड असतानाचं विचारायला हवं होतं.

दुसरी फसवणूक अधिक वाईट. कपलर काढला आणि परत बसवला की पिना एकमेकींवर घासतात, वरचा गंज खरवडला जातो आणि संपर्क काही काळापुरता सुधारतो. म्हणजे नवा सेन्सर बसवल्याने गाडी सुधारली असं वाटतं, प्रत्यक्षात सुधारली कपलर हलवल्याने. चांगल्या गाडीचा सेन्सर काढून यात लावून बघायचा शॉर्टकट मला म्हणूनच आवडत नाही. तपास होत नाही आणि पुरावा मात्र पुसला जातो.

मग करायचं काय? कपलर जोडलेलाच ठेवा. मागच्या बाजूने, वायरीच्या रबर सीलच्या कडेने बारीक पिन घाला. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल पिन सेन्सरच्या अर्थच्या पिनवर. सर्किट चालू असताना आकडा शून्याला चिकटून असला पाहिजे. ०.१ व्होल्टच्या वर काही दिसलं तर मी सेन्सरकडे बघतसुद्धा नाही, अर्थचा बोल्ट शोधायला जातो. सप्लाय बारा व्होल्टचा असेल तर त्या बाजूनेही तसंच, एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी सेन्सरच्या सप्लायवर. जे काही व्होल्टेज दिसेल ते वाटेत हरवलेलं व्होल्टेज. आणि सेल्फची वाट याच स्विचमधून जात असेल तर हे मोजमाप कुणीतरी चावी स्टार्टवर धरलेली असतानाच करायचं. नुसत्या ऑनवर करंटच वाहत नाही, मग हरवणार काय? तक्रार गाडी तापल्यावरची असेल तर गाडी तापवूनच मोजा.

माझ्या त्या गाडीत दोष कपलरच्या एका पिनेत होता. बाहेरून कपलर स्वच्छ. आत भिंग धरून बघितलं तेव्हा एका मादी पिनेच्या तळाशी हिरवट भुकटी, आणि पिनेच्या पाकळ्या इतक्या फाकलेल्या की त्याच मापाची सुटी नर पिन आत घातली तर ती अडकायची सोडून आपोआप घसरून खाली पडली. इतर पिनांमध्ये तीच पिन ओढून काढावी लागत होती. तेव्हापासून कपलर उघडला की प्रत्येक पिनेला ही ओढाताण करून बघतो. पाकळ्या फाकतात त्या बहुधा आपल्याच जातभाईंनी मीटरची जाड पिन समोरून खुपसल्यामुळे, हेही सांगून टाकतो. वायरीच्या आवरणाला भोक पाडून मोजणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या माणसाच्या नशिबी सडकी वायर येते.

एक इशारा मात्र पक्का लक्षात ठेवा. लोड टाकायचा म्हणून टेस्ट लॅम्प हवा तिथे टेकवू नका. बारा व्होल्टच्या सप्लायवर ठीक आहे. पाच व्होल्टच्या वायरीवर किंवा कॉम्प्युटरच्या सिग्नलवर बल्बचा लॅम्प लावला तर सेन्सर राहील बाजूला, कॉम्प्युटर जळेल. नकाशा बघितल्याशिवाय लॅम्प हातात घेऊ नका.

सेन्सर कोणत्या जातीचा आहे यावर पुढचा तपास ठरतो. काहींत एकाच सिग्नल वायरीवर पाच व्होल्टच्या आत प्रत्येक पोझिशनची वेगळी पायरी असते. स्कॅनरवर ग्राफ लावून लिव्हर सावकाश सरकवा, पायऱ्या स्वच्छ दिसल्या पाहिजेत. इथे पाच व्होल्टच कमी आले तर सेन्सरला दोष देण्याआधी त्याच लाइनवरचे दुसरे सेन्सर एकेक करून काढून बघा. शेजारचा शॉर्ट झालेला सेन्सर सगळी लाइन खाली ओढतो. काहींत चार वायरी असतात आणि प्रत्येक पोझिशनला त्यांची चालू-बंदची जुळणी ठरलेली असते. जनरल मोटर्सच्या गाड्यांत त्यांना ए, बी, सी आणि पी म्हणतात. यातली पी ही ताळा जमवायला असते. एखादी वायर तुटली की जी जुळणी होते ती कुठल्याच पोझिशनची नसते, आणि कॉम्प्युटरला गडबड कळते. चौघींची स्थिती स्कॅनरवर वाचून कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा, तुटलेली वायर कागदावरच सापडते. हे जमलं की मजा येते, खरंच. पल्सवर चालणारे सेन्सर मीटरने मोजू नका. मीटर सरासरी दाखवतो, तिथे ऑसिलोस्कोपच लागतो.

स्कॅनरवर सगळं ठीक दिसलं म्हणून गाडी सोडून देऊ नका. साधा स्कॅनर आकडे सावकाश बदलतो, क्षणभराचा तुटका सिग्नल त्यात दिसतच नाही. ग्राफ चालू ठेवून वायरिंगचा जुडगा हळूहळू हलवत न्या, विशेषतः इंजिनच्या हालचालीबरोबर तो वाकतो तिथे.

आणि हो, कधीकधी सेन्सर खरोखरच जातो. बाहेर शाफ्टवर बसणाऱ्या सेन्सरमध्ये पाणी शिरतं, आतले संपर्क झिजतात. सगळी मोजमापं नीट आली आणि फक्त सेन्सरमधूनच सिग्नल बिघडून बाहेर पडत असेल, तर निःशंकपणे बदला. बसवताना गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये हवा आणि सेन्सरही. टोयोटाच्या पुष्कळ स्विचवर त्यासाठी खाच आणि रेघ जुळवायची असते. होंडाच्या काही गिअरबॉक्समध्ये खाचांत २ मिलिमीटरची फीलर गेजची पट्टी घालून स्विच धरून ठेवायचा आणि मग बोल्ट आवळायचे. हे डोळ्याने अंदाजे केलंत तर नवा कोरा सेन्सरही पहिल्या दिवसापासून चुकीचं सांगेल आणि तुम्ही तो डिफेक्टिव्ह म्हणून परत पाठवाल.

उस्तादांबद्दल थोडं. आवाज ऐकून पार्ट सांगणाऱ्या उस्तादाचा आपल्याला फार आदर वाटतो. गिअरबॉक्सच्या यांत्रिक दोषांत त्यांचा कान खरंच सोन्याचा असतो. पण वायरीतल्या दोषाला आवाज नसतो. इथे तुम्हाला असा माणूस हवा जो हात लावायच्या आधी कागदावर सर्किट काढायला लावतो आणि 'इथे किती यायला हवं?' असं विचारतो. असा माणूस भेटला तर त्याच्या शिव्या खाऊन का होईना, त्याच्याजवळ राहा. नाही भेटला तरी घाबरायचं कारण नाही. हे ओहमच्या नियमापलीकडचं शास्त्र नाही, आणि सुरुवातीला सगळेच चाचपडतात.

स्विचला वायरने बायपास करून गाडी देणारा माणूस मात्र कितीही जुना असो, त्याचं ऐकू नका. तशी गाडी डी मध्येही चालू होते. उद्या कुणी बाहेर उभं राहून चावी फिरवेल आणि गाडी समोरच्याला चिरडेल.

काम झाल्यावर कोड पुसायच्या आधी त्यांची फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणी कॉम्प्युटरने नोंदलेले आकडे, लिहून ठेवा. काही गाड्यांत नवा सेन्सर स्कॅनरने शिकवावा लागतो, ते मॅन्युअलमध्ये बघा. मग मोकळ्या जागेत, हँडब्रेक ओढून आणि पायाचा ब्रेक घट्ट दाबून, प्रत्येक पोझिशनमध्ये सेल्फ मारून बघा. पी आणि एन मध्ये लागला पाहिजे, एवढं सगळेच तपासतात. आर आणि डी मध्ये तो लागता कामा नये, हे तपासायचं राहून जातं. तेही करा, रिव्हर्सचा दिवा बघा, गाडी पूर्ण तापवून पुन्हा एकदा हेच सगळं करा आणि मगच चावी परत द्या.